आधी वही, मग मीटर: झपाटलेल्या जागा तपासणारा गट कसा उभा राहतो

असे गट जवळजवळ सगळीकडे एकाच पद्धतीने सुरू होतात. तिघे-चौघे मित्र, ओळखीतल्या कुणाचं तरी ‘तिथे काहीतरी आहे’ म्हणून बोललं जाणारं घर, एक टॉर्च आणि एक कॅमेरा. पहिल्याच रात्री शे-दोनशे फोटो निघतात आणि त्यातल्या पाच-सात फोटोंत हवेत तरंगणारे पांढरट, अर्धपारदर्शक गोळे दिसतात. या गोळ्यांना ‘ऑर्ब’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी गट त्या फोटोंचं काय करतो, त्यावर त्याचं पुढचं बरंचसं ठरतं.

कारण गोळे धुळीचे असतात. छोट्या कॅमेऱ्यात आणि फोनमध्ये फ्लॅश भिंगाला अगदी खेटून असतो. भिंगासमोर वीतभर अंतरावर तरंगणाऱ्या कणावर प्रकाश पडला की तो थेट भिंगात परततो. कण फोकसच्या बाहेर असल्यामुळे ठिपक्याऐवजी वाटोळी चकती उमटते. दमट हवेत तेच काम पाण्याचे थेंब करतात. खात्री करायला तासभर पुरतो. अंधाऱ्या खोलीत कॅमेरा ट्रायपॉडवर लावायचा, समोर जुनी उशी झटकायची, दहा फोटो फ्लॅश लावून आणि दहा फ्लॅशशिवाय जास्त वेळ उघड्या शटरने काढायचे. मग फ्लॅश बंदच ठेवून भिंगापासून दीड-दोन फूट बाजूला धरलेल्या दिव्याच्या उजेडात आणखी दहा. पहिल्या दहांत गोळ्यांची जत्रा, बाकीच्यांत जवळपास काही नाही. ही चाचणी करून निकाल वहीत उतरवणारा गट सहसा टिकतो. फोटो आधी सगळ्यांना पाठवून मोकळा होणारा गट दोन-तीन वर्षांत मौजमजेची टोळी होतो. त्यात वाईट काही नाही, पण त्याला तपास म्हणू नये.

काम तसं जुनंच आहे. लंडनमध्ये ‘घोस्ट क्लब’ १८६२ साली स्थापन झाला आणि १८८२ मध्ये ‘सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च’. सोसायटीने पुढे सुमारे १७,००० लोकांना एक प्रश्न विचारला: पूर्ण जागे असताना, बाहेर काहीही कारण नसताना, तुम्हाला कुणी दिसलं, कुणाचा आवाज ऐकू आला किंवा स्पर्श जाणवला का? १८९४ च्या अहवालानुसार दहांतल्या साधारण एकाने होकार दिला. घरमालकाची पहिली हकिकत ऐकताना हा आकडा डोक्यात असलेला बरा. सांगणारा माणूस खोटारडाही नसतो आणि वेडाही नसतो.

हौशी माणसांना गोळा करून, लेखी सूचना देऊन एका जागेवर पहाऱ्याला बसवण्याची आजची पद्धत मात्र रूढ झाली ती हॅरी प्राइस या इंग्रज भूतसंशोधकामुळे. १९३७ मध्ये त्याने इंग्लंडमधलं बोर्ली रेक्टरी हे झपाटलेलं म्हणून गाजलेलं घर वर्षभरासाठी भाड्याने घेतलं, वर्तमानपत्रात जाहिरात दिली आणि ४८ निरीक्षक नेमले. त्यांच्या हातात निळ्या वेष्टनाची सूचनापुस्तिका होती: काय पाहायचं, वेळ कशी लिहायची, काय करायचं नाही. ही झाली चांगली बाजू. वाईट अशी की सगळी कागदपत्रं एकाच माणसाच्या हातात होती आणि पुस्तकं लिहिणाराही तोच. प्राइस १९४८ मध्ये वारला. सोसायटीच्या तिघा सभासदांनी १९५६ मध्ये ते सगळं प्रकरण पुन्हा तपासलं आणि काही घटना त्यानेच घडवून आणल्याचा संशय व्यक्त केला. त्या वेळी तो उत्तर द्यायला नव्हता. म्हणून नव्या गटाने पहिल्या बैठकीत ठरवायची गोष्ट कुठला मीटर घ्यायचा ही नाही. नोंदवही कोण लिहिणार आणि तिची दुसरी प्रत कुणाकडे राहणार, ही आहे.

सुरुवातीला पाच-सहा माणसं पुरतात. त्यांत एकाला घरातल्या वायरिंगची जाण असावी, एकाला आवाज ध्वनिमुद्रित करण्याची, आणि एक असा हवा की ज्याच्याशी अनोळखी माणूस मोकळेपणी बोलेल. चौथा नोंदी ठेवणारा. रात्रभर तो दुसरं काहीही करत नाही. हे काम कुणालाच नको असतं, म्हणून ते पाळीपाळीने द्यावं. गटात निदान एकाचा भुतांवर अजिबात विश्वास नसावा आणि एकाचा भरपूर असावा. सगळे एकाच मताचे असले की पुरावा आपोआप त्या मताकडे कलतो.

पहिली भेट दिवसा. उपकरणं गाडीतच ठेवायची आणि घरातल्या प्रत्येकाशी वेगवेगळं बोलायचं. एकत्र बसवलं की पंधरा मिनिटांत पाच जणांची एकच हकिकत तयार होते. प्रश्न साधे ठेवावेत. तुम्ही नेमके कुठे उभे होता, तोंड कुठल्या दिशेला होतं? किती वाजले होते आणि ते कशावरून माहीत? दिवा चालू होता का? झोपलेला होता की झोपेतून उठत होता? उताणं झोपलेल्या माणसाला पहाटे जाग येते, अंग हलत नाही, छातीवर भार जाणवतो आणि खोलीत कुणीतरी असल्याची पक्की खात्री वाटते, हे निद्रा-पक्षाघाताचं नेहमीचं चित्र आहे. अशी एकटीदुकटी तक्रार असेल तर रात्री पहारा देऊन काही मिळत नाही. औषधांबद्दल हळुवारपणे विचारावं आणि उत्तर नाही मिळालं तर सोडून द्यावं.

मग एक प्रश्न असा, जो आधी विचारायला हवा होता असं पुष्कळ गटांना नंतर वाटतं: घरात जळणारं काही आहे का? भट्टी, गॅसचा हीटर, कोंदट जागेतली शेगडी? डोळ्यांचे डॉक्टर विल्यम विल्मर यांनी १९२१ मध्ये एका अमेरिकी नियतकालिकात एका कुटुंबाची हकिकत छापली. जुन्या घरात राहायला आल्यावर त्यांना पावलं ऐकू येऊ लागली, माणसं दिसू लागली, डोकी दुखू लागली, कुंड्यांतली झाडंही सुकली. दोष भट्टीत होता. धूर वर जाण्याऐवजी घरात पसरत होता आणि सगळे कार्बन मोनॉक्साइडने हळूहळू विषबाधित होत होते. म्हणून पिशवीतलं पहिलं उपकरण कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. घराबाहेर पडलं की सगळ्यांनाच बरं वाटतं असं कुणी म्हणालं, तर तपास तिथेच थांबवायचा, खिडक्या उघडायच्या, माणसांना बाहेर काढायचं आणि जाणकाराला बोलवायचं. हा वायू रंगहीन, गंधहीन असतो. नाकावर भरवसा ठेवून चालत नाही.

त्यानंतर येते बेसलाइन, म्हणजे काहीही घडत नसताना घर कसं असतं याची नोंद. नव्या सभासदांना हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण गटाची खरी कमाई यातच असते. घराचा आराखडा कागदावर काढायचा, प्रत्येक खोलीला क्रमांक द्यायचा. प्रत्येक खोलीच्या मध्यावर, जमिनीपासून एक ते दीड मीटर उंचीवर, भिंतीपासून दूर तापमान आणि आर्द्रता मोजायची. हे काम डेटा लॉगरने करावं आणि दर मिनिटाला नोंद ठेवावी. बहुतेक गट मात्र पिस्तुलासारखा इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन येतात आणि ‘थंड जागा’ शोधत फिरतात. तो हवेचं तापमान मोजतच नाही. समोरच्या पृष्ठभागाचं मोजतो. त्यावर १२:१ असं लिहिलेलं असलं तर तीन मीटरवरून तो २५ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळाची सरासरी दाखवतो. आरसा, काच किंवा चकचकीत धातू समोर आला की आकडा भलताच येतो. खोलीच्या मध्यभागी रोखलेला थर्मामीटर पलीकडची खिडकी मोजत असतो. रात्री काच गार पडते आणि वहीत लिहिलं जातं, ‘तापमान अचानक ६ अंशांनी घसरलं’.

आणखी एक चूक अशी की माणसांनाच मोजणीतून वगळलं जातं. शांत बसलेला माणूस सुमारे १०० वॉट उष्णता सोडतो. सहा जण छोट्या बंद खोलीत तासभर बसले की खोली तापते. मग कुणी दार उघडतं, गार हवा पायांशी येते आणि सगळ्यांच्या अंगावर एकदम काटा येतो. दार उघडल्याची वेळ लिहिली नसेल तर तो झोत गूढ ठरतो.

ईएमएफ मीटरबद्दल, म्हणजे विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या यंत्राबद्दल, जरा सविस्तर सांगायला हवं, कारण गटाच्या पैशांतला पहिला मोठा वाटा यात जातो. पाच दिव्यांचा के-टू मीटर सगळीकडे दिसतो. त्यात संवेदक एकाच अक्षावरचा असतो. एकाच जागी मनगट वळवलं तरी दिवे चढतात-उतरतात. हातात धरून फिरत घेतलेल्या वाचनाला म्हणूनच काही अर्थ नाही. मीटर टेबलावर ठेवायचा, त्याची दिशा आराखड्यावर बाणाने दाखवायची आणि त्याला हात लावायचा नाही. शक्य असेल तर तीन अक्षांचा, आकडे दाखवणारा मीटर घ्यावा. मग मुख्य स्विच चालू ठेवून एकदा आणि मालकाच्या परवानगीने बंद करून एकदा, अशी दोनदा मोजणी करावी. बंद केल्यावर जे नाहीसं होतं ते घरातल्या विजेचं. फ्रिजचा कॉम्प्रेसर ठरावीक वेळाने सुरू होतो आणि मीटरही ठरावीक वेळाने उजळतो. जिन्याच्या खाली-वर दोन स्विच असलेल्या दिव्याची वायरिंग तर गटाला रात्रभर नाचवू शकते. अशा वायरिंगमध्ये जाणारी आणि परतणारी तार कधीकधी एकमेकींपासून लांबून नेलेली असते, त्यांची क्षेत्रं एकमेकांना खोडत नाहीत आणि पार खोलीच्या मध्यापर्यंत क्षेत्र जाणवतं. जिन्यावरचं भूत दिवा लावल्यावरच येत असेल तर आधी इथे पाहावं. वॉकीटॉकीचं बटण दाबलं की शेजारचा मीटर उजळतो. फोन सगळ्यांचे विमान मोडमध्ये हवेत, नुसते सायलेंटवर ठेवून उपयोग नाही.

पहाऱ्याच्या रात्री जागेवर सहापेक्षा जास्त माणसं नकोत. दोघादोघांच्या जोड्या करायच्या, ४० मिनिटं बसायचं, २० मिनिटं बाहेर यायचं. त्याहून जास्त वेळ अंधारात बसलेला माणूस पेंगतो, आणि झोप लागताना कानात हाका येणं अगदी सामान्य आहे. सुरू करण्याआधी सगळ्या रेकॉर्डरची आणि कॅमेऱ्यांची घड्याळं जुळवायची. तरीही ती काही सेकंदांनी पुढे-मागे जातात, म्हणून सगळी उपकरणं चालू असताना मधोमध उभं राहून मोठ्याने तारीख-वेळ बोलायची आणि टाळी वाजवायची. शेवटी पुन्हा एकदा. दोन टाळ्यांमधला फरक पाहिला की कुठलं घड्याळ किती घसरलं ते कळतं.

आवाज झाला की ज्याचा असेल त्याने तिथल्या तिथे सांगायचं: ‘माझं पोट.’ ‘खुर्ची, मी.’ ‘बाहेर मोटारसायकल.’ सुरुवातीला सगळे लाजतात. पण तीन आठवड्यांनी रेकॉर्डिंग ऐकताना पोटातली गुरगुर म्हाताऱ्या बाईच्या कण्हण्यासारखीच वाटते. कुजबुजायचं अजिबात नाही, बोलायचं ते स्पष्ट आवाजात. कुजबुज लांबच्या रेकॉर्डरवर पोचते तेव्हा ती कुणाची ते ओळखताच येत नाही.

रेकॉर्डिंग वॅव्ह फाइलमध्ये, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटवर करावं. स्टीरिओ असेल तर तासाला सुमारे ६३५ एमबी लागतात, म्हणजे सहा तासांची रात्र पावणेचार जीबीच्या पुढे जाते. बरेच रेकॉर्डर चार जीबीच्या आतच फाइल तोडतात. तो सांधा कुठे पडला ते लिहून ठेवावं. दोन सेटिंग आठवणीने बंद करायची. एक, आवाज आला की आपोआप सुरू होणारं रेकॉर्डिंग. त्यात प्रत्येक वेळी आवाजाची सुरुवातच कापली जाते आणि उरलेले तुकडे चमत्कारिक वाटतात. दुसरं, आपोआप चढणारा गेन, म्हणजे आवाज मोठा करण्याचं प्रमाण. शांततेत तो इतका वर जातो की शेजारच्या घरातला टीव्ही याच खोलीत लागल्यासारखा वाटतो. प्रत्येक खोलीत दोन रेकॉर्डर आणि एक घराबाहेर ठेवायचा. आवाज बाहेरच्यावरही असेल तर प्रश्न मिटला. खोलीतल्या दोनपैकी एकावरच असेल तर बहुधा त्या रेकॉर्डरच्या अंगालाच काहीतरी घासलं.

‘ईव्हीपी’ची, म्हणजे टेपवर उमटणाऱ्या अनाहूत आवाजांची आवड फ्रेडरिक युर्गेन्सनपासूनची. १९५९ मध्ये पक्ष्यांचे आवाज टिपताना त्याला टेपवर माणसांचे आवाज ऐकू आले. त्याच्यानंतर कॉन्स्टँटिन राउडिव्हने असे हजारो तुकडे जमवले. या तुकड्यांची गंमत म्हणजे ‘इथे ती म्हणते, निघून जा’ असं कुणी आधी सांगितलं की सगळ्यांना तेच ऐकू येतं. मनी वसे ते कानी पडे. उपाय स्वस्त आहे. तुकडा कापायचा, त्याच रात्रीच्या निव्वळ खरखरीचे चार तुकडे सोबत मिसळायचे आणि त्या घरी न गेलेल्या तिघांना वेगवेगळं बसवून ऐकवायचं. प्रत्येकाने ऐकलं ते लिहायचं, ‘काही नाही’ हेही उत्तर चालतं. तिघांचे शब्द जुळले नाहीत तर तुकडा बाद. खरखर कमी करणारं सॉफ्टवेअर त्याआधी लावायचं नाही. ते स्वतःच पाण्यातून बोलल्यासारखे स्वर तयार करतं.

रेडिओची स्टेशनं भराभर बदलत जाणाऱ्या ‘स्पिरिट बॉक्स’ला मी तपासाच्या पिशवीत जागा देणार नाही. त्यातून शब्द येतात कारण रेडिओवर माणसं बोलत असतात. काड्यांची माणसं दाखवणारा कॅमेराही तसलाच. त्याच्यामागचं सॉफ्टवेअर मानवी आकार शोधायलाच लिहिलेलं असतं, मग पडद्यात आणि खुर्चीत त्याला तो सापडतो. आत्मा टेबल हलवतो असं मानणाऱ्यांच्या बैठकांना तर मायकेल फॅरडेने १८५३ मध्येच उत्तर दिलं आहे. त्याने हात आणि टेबल यांच्यामध्ये मऊ सिमेंटने हलके चिकटवलेले पुठ्ठ्याचे थर ठेवले. टेबलामुळे हात सरकत असते तर खालचा थर पुढे गेला असता. पुढे गेला वरचा. ढकलणाऱ्यांना आपण ढकलतोय हे ठाऊकच नव्हतं.

बॅटऱ्या अचानक संपल्या की गटात खळबळ उडते. थंडीत बॅटरीची ताकद कमी होते. शिवाय पुन्हा चार्ज होणाऱ्या निकेल-मेटल हायड्राइड सेलचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास तसाच राहतो आणि मग एकदम कोसळतो. निघताना प्रत्येक सेलचा व्होल्टेज वहीत लिहिला असेल तर ही चर्चा पाच मिनिटांत संपते.

इन्फ्रासाउंडचं, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या अगदी खालच्या पट्टीतल्या आवाजाचं, मात्र उलटं झालं आहे. तो आता सगळ्या प्रश्नांवरचा रामबाण झाला आहे. व्हिक टँडी या इंग्लंडमधल्या अभियंत्याला प्रयोगशाळेत कासावीस व्हायचं, डोळ्याच्या कोपऱ्यात करडी आकृती दिसायची. शिकंज्यात धरलेलं तलवारबाजीचं पातं आपोआप थरथरताना पाहून त्याने शोध घेतला आणि नव्या पंख्यापाशी पोचला. लहर होती सुमारे १९ हर्ट्झची. १९९८ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केलं. प्रकरण सुंदर आहे, पण फोनच्या माइकवर ‘१९ हर्ट्झ सापडले’ म्हणणाऱ्या अहवालाला किंमत नाही. एवढ्या खालच्या लहरी मोजायला वेगळा माइक लागतो, आणि पंखा बंद करून पाहिलं का, हा प्रश्न त्याहून मोठा.

आता वाढ. दूरचित्रवाणीवर २००२ मध्ये ब्रिटनमध्ये ‘मोस्ट हॉन्टेड’ आणि २००४ मध्ये अमेरिकेत ‘घोस्ट हंटर्स’ सुरू झालं. त्यानंतर गावोगावच्या गटांकडे माणसांची रीघ लागली. सहांचे वीस होतात आणि बारभाईचा कारभार सुरू होतो. सगळ्यांना रात्री घरात जायचं असतं, रेकॉर्डिंग ऐकायला कुणीच नसतं. हिशोब करून पाहा. चार रेकॉर्डर आणि तीन कॅमेरे, प्रत्येकी पाच तास, म्हणजे एका रात्रीमागे ३५ तासांचं ऐकणं-पाहणं. गट मोडतात ते बहुधा या पस्तीस तासांपायी. म्हणून नियम असा असावा: नवा सभासद आधी दहा तास रेकॉर्डिंग ऐकून लेखी नोंद देईल, मग दिवसा केलेल्या दोन भेटींत बेसलाइन घेईल, त्यानंतरच रात्री येईल. निम्मे पहिल्याच पायरीवर गळतात. गळू द्यावेत. आधीच्या रात्रीची छाननी पूर्ण झाल्याशिवाय नवं घर घ्यायचं नाही.

घरमालकाकडून पैसे घेऊ नयेत. पैसे दिलेल्याला काहीतरी निघावं असं वाटतं आणि घेतलेल्यालाही. तिकीट लावून लोकांना जुन्या इमारतीत रात्री फिरवायचं असेल तर तो वेगळा उद्योग आहे. त्याच्या नोंदी तपासाच्या वहीत मिसळायच्या नाहीत. परवानगी लेखी हवी, मालकाची आणि तिथे राहणाऱ्याचीही. पडक्या वास्तूत दिवसा जाऊन जमीन, जिने आणि छत पाहिल्याशिवाय रात्री पाऊल टाकायचं नाही, आणि एकट्याने कधीच जायचं नाही. घरात लहान मुलं असतील तर पहाऱ्याच्या रात्री ती दुसरीकडे असावीत. कुणी तीव्र मानसिक त्रासात असेल तर गटाने मागे फिरावं. ‘तुमच्या घरात अमुक आहे’ हे एक वाक्य त्या माणसाच्या आयुष्यात अनेक वर्षं राहतं.

अहवाल दोन पानांचा पुरे: काय सांगितलं गेलं, काय मोजलं, काय सापडलं. निकाल तीनच: कारण सापडलं, कारण संभाव्य, निष्कर्ष नाही. चौथा रकाना उघडायचा मोह होतो, तो टाळावा. आणि पहिल्याच वर्षी एक कागद करून ठेवावा की गट फुटला तर मूळ रेकॉर्डिंग कुणाकडे राहतील, प्रती कुणाला मिळतील आणि कुटुंबांची नावं कुणीही उघड करणार नाही. भांडण झाल्यावर हे ठरत नाही.

‘निष्कर्ष नाही’ची पानं वेगळी काढायची. वर्षभराने त्याच ऋतूत, त्याच वेळेला, वाऱ्याची दिशा शक्य तितकी तीच असताना पुन्हा जायचं. बरेच आवाज लाकूड संध्याकाळी आकसण्याचे किंवा नळातल्या पाण्याच्या धक्क्याचे निघतात, आणि पहिल्या खेपेला ते सापडलेले नसतात कारण त्या रात्री पाऊस होता. तिसऱ्या भेटीनंतरही पान भरलं नाही तर ते तसंच ठेवायचं, खाली तारीख आणि दोन सह्या करायच्या आणि पुढचं घर घ्यायचं.